हलक्या गेमसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच असं नाही

बारावीचे निकाल लागले की लॅपटॉपखरेदीचा एक सल्ला घरोघरच्या ग्रुपवर फिरायला लागतो. मुलगा किंवा मुलगी अधूनमधून गेम खेळणार असेल तर चार गोष्टी पाळा, असं त्यात असतं: वेगळं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारा, स्वतःची मेमरी असलेला भाग) हवंच, मग ते २ जीबीचं का असेना, प्रोसेसर आय-सेव्हनच घ्या, रॅम ८ जीबी पुरे, आणि छोटा लॅपटॉप गेमसाठी घेऊच नका, तापतो.

यावर विश्वास ठेवून लोक हप्त्यांवर दोन-सव्वादोन किलोचं धूड घरी आणतात, आणि त्यावर खेळलं जातं काय, तर व्हॅलोरंट नाहीतर माइनक्राफ्टसारखे हलके गेम. नको तिथे पैसा जातो याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी ग्राफिक्स कार्ड. व्हॅलोरंट सेकंदाला किमान ३० फ्रेमवर, म्हणजे ३० चित्रांच्या वेगाने, चालवायला कंपनीने सांगितलेली अट आहे इंटेल एचडी ४०००. हे कार्ड नाहीच, २०१२ च्या इंटेल प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स आहे. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीची किमान अटही तीच. स्टारड्यू व्हॅली, हॉलो नाइट हे हलके गेमही अंगभूत ग्राफिक्सवर चालतात. २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र गेमसाठीच बनवलेलं आहे, आणि त्यातही वेगळं कार्ड नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर आहेत.

आणि ते '२ जीबीचं का असेना'? एनव्हिडिया कंपनीचं एमएक्स ३३० हे तसलं कार्ड घ्या. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरमधलं चांगलं आयरिस एक्सई हे अंगभूत ग्राफिक्स त्याच्या बरोबरीला येतं, बऱ्याचदा पुढे जातं. म्हणजे कार्डाचे पैसे मोजायचे, उष्णता आणि बॅटरीचा खर्च सोसायचा, आणि हाती काही जास्त नाही. २०२४ च्या इंडियाना जोन्ससारखे गेम रे ट्रेसिंगच्या (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढण्याच्या) हार्डवेअरशिवाय सुरूच होत नाहीत. असे गेम खेळायचे असतील तर कार्ड हवं हे मान्य, पण तिथेही हे २ जीबीचं कार्ड उपयोगाचं नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो रॅमचा मुद्दा. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच वाटा घेतं. म्हणून रॅम किती यासोबत ती कशी बसवली आहे हेही बघावं लागतं. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमची ८ जीबीची एकच पट्टी असेल तर सेकंदाला २५.६ जीबी डेटा जातो; दोन पट्ट्या असतील तर ५१.२. ग्राफिक्सची वाट थेट दुप्पट रुंद होते. इंटेलच्या आयरिस एक्सईवाल्या लॅपटॉपमध्ये हे डोळ्यांना दिसतं: एकच पट्टी असेल तर विंडोज त्याच चिपचं नाव 'यूएचडी ग्राफिक्स' दाखवतं, दुसरी बसवली की 'आयरिस एक्सई'. दुकानात कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा आणि किती स्लॉट (पट्टी बसवायच्या खाचा) वापरलेत ते वाचा. एक मोकळा असेल तर दुकानदाराकडून तिथेच दुसरी ८ जीबीची पट्टी टाकून घ्या. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल आणि जास्तीचा स्लॉटही नसेल तर ती पुढे वाढवता येत नाही, मग घेतानाच १६ जीबी घ्या.

आता आय-सेव्हन. नुसतं नाव पुरत नाही, पिढीही बघावी लागते. सातव्या पिढीतल्या आय-सेव्हन ७५०० यू मध्ये दोनच कोअर, म्हणजे काम करणारे गाभे, आहेत. आठव्या पिढीतल्या आय-फाइव्ह ८२५० यू मध्ये चार. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जुने लॅपटॉप बघायला गेलात तर हे ध्यानात ठेवा, कारण विंडोज ११ अधिकृतपणे चालतं ते, एखाददुसरा अपवाद सोडला, तर इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या प्रोसेसरमध्ये तर शेवटच्या दोन आकड्यांनी खेळ बदलतो. रायझन ५ ७५२० यू मध्ये ग्राफिक्सची दोनच युनिट आहेत, ७५३५ यू मध्ये सहा. डब्यावर दोन्हीकडे 'रायझन ५' असंच ठळक छापलेलं असतं. खोक्याच्या बाजूचं बारीक अक्षरातलं स्टिकर पूर्ण वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

उरला आकार. १५ वॉटचा प्रोसेसर १४ इंची लॅपटॉपमध्येही तेवढीच उष्णता टाकतो जेवढी १५.६ इंचीमध्ये. तापण्याचा संबंध पंखा, हवेची जाळी आणि लॅपटॉप गादीवर ठेवण्याशी जास्त आहे. उलट लहान पडद्याचा फायदाच होतो. १९२० बाय १०८० ऐवजी १२८० बाय ७२० वर गेम चालवला की ग्राफिक्सला २० लाख ७३ हजार ६०० ऐवजी ९ लाख २१ हजार ६०० पिक्सेल काढावे लागतात, निम्म्याहूनही कमी. मोठ्या पडद्यावर हे चित्र पुसट दिसतं. १३-१४ इंचावर तेवढं खटकत नाही. गेम अडखळायला लागला तर नवा लॅपटॉप शोधण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन एवढं करून बघा.