रिकाम्या खुर्चीला कोण घाबरतं?

आज डोकं फिरलंय. भाचीच्या एकांकिकेची तालीम बघायला आलेल्या आयोजकांनी एक वाक्य गाळायला सांगितलं. ‘साहेब, पाणी कधी येणार?’ एवढंच वाक्य. शिवी नाही, कुणाचं नाव नाही. म्हणे उद्घाटनाला साहेब येणार आहेत, उगाच कशाला!

मला आमची खुर्ची आठवली. हौशी ग्रुप होता आमचा. नाटकभर रंगमंचावर एक रिकामी खुर्ची, आणि येणारं-जाणारं प्रत्येक पात्र तिला वाकून नमस्कार करणार. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग अख्खं सभागृह. पुढे बसलेले एक वजनदार गृहस्थ तडक उठून गेले. सकाळी निरोप आला : खुर्ची काढा, नाहीतर हॉल विसरा.

अहो, खुर्चीत कुणी नव्हतंच! ते आपणहून जाऊन बसले.

‘कीचकवधा’चं दुसरं काय झालं? १९०७ साली खाडिलकरांनी महाभारतातली गोष्ट रंगमंचावर आणली. त्यात एकही इंग्रज नाही. पण लोकांना कीचकात व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारनं बंदी घातली. पुस्तक आपण एकटे वाचतो. नाटकात शेजारच्यालाही तेच कळलंय, हे तिथल्या तिथे कळतं. सत्तेला धडकी भरते ती याची. आमचे गृहस्थही खुर्ची बघून गप्प होते, हसू फुटल्यावर उठले.

हो, नाटकाच्या नावाखाली बदनामी करणारेही असतात, मान्य. त्यांच्यासाठी कोर्ट आहे. प्रयोगाआधीच कात्री कशाला?

खरं सांगू, लिहिता लिहिता त्या गृहस्थांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. जाताना ते वळून बघत होते, कोण कोण हसतंय. एवढी माणसं गोळा केलेला माणूस, आणि त्या क्षणी त्याच्या बाजूचं कुणी नाही. वाईटच वाटलं.

पण वाईट वाटलं म्हणून वाक्य गाळायचं नाही! इंग्रजांनी १८७६ मध्ये केलेला, नाटकांवर बंदी घालू देणारा नाट्यप्रयोगांचा कायदा संसदेनं २०१८ मध्ये एकदाचा रद्द केला. महाराष्ट्रात मात्र संहिता अजूनही आधी परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकं तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, पाठवायची. अमोल पालेकर २०१६ मध्ये याविरुद्ध हायकोर्टात गेले, तेव्हा आपल्यातले किती जण त्यांच्यामागे उभे राहिले? मंडळावर तर आपलेच रंगकर्मी बसतात. साहेबांपेक्षा मला त्यांचा जास्त राग येतो.