लोक खोटं सांगत नाहीत, भाऊ

भाऊ, तुमची प्रतिक्रिया सकाळीच वाचली, पण उत्तराला रात्र झाली. कारण त्यातलं अर्धं बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यावर मला भांडायचंय. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी: भाऊंच्या मते 'घरात कोणाला टीबी आहे का, ताप आला होता का' असं दारोदार विचारत फिरणं म्हणजे पैशाचा चुराडा. लोक काहीही ठोकून देतात. रक्त काढा, थुंकी तपासा, नाहीतर घरी बसा. शिवाय मागच्या लेखात मी दोन आकडे शेजारी ठेवले, ते ठेवायला नको होते.

ते खरंच नको होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) घरच्यांच्या सांगण्यानुसार लाखामागे २२२ जणांना टीबी होता. त्याच काळातल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत एक्स-रे आणि थुंकी तपासून लाखामागे ३१६ निघाले. मी वजाबाकी केली आणि '९४ जण लपवले' असं लिहून मोकळा झालो. पण पहिल्यात तान्ह्या पोरापासून सगळे धरलेत, दुसऱ्यात फक्त १५ वर्षांवरचे, आणि त्यातही जंतू सापडलेला फुप्फुसाचाच टीबी. ही वजाबाकी होतच नाही. वाक्य खोडलंय.

'काहीही ठोकून देतात' हे मात्र पटत नाही. दोन पावसाळे मी यावल-चोपड्याकडे असे फॉर्म भरत हिंडलोय. एका ओट्यावर मावशी डाळ निवडत बसल्या होत्या. विचारलं, "कोणाला क्षयरोग?" "ते काय राह्यतं?" म्हटलं, टीबी. आवाज एकदम खाली: "नही रे भो." मग तापाचं विचारलं, तर आवाज पुन्हा खणखणीत. "हो ना, माह्या पोऱ्याले टायफॉईड निघाला. तीन बाटल्या लावल्या." आतून घडी घातलेला कागद आणून दाखवला. व्हायडल टेस्टचा, म्हणजे टायफॉईडसाठी करतात त्या रक्ततपासणीचा.

आता एका व्हायडलवर टायफॉईड ठरवणं किती कच्चं, हे तुम्हाला मी सांगायला नको. जुना संसर्ग असला, लस घेतलेली असली, ताप भलताच असला, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. मग मावशी खोटं बोलल्या का? दवाखान्यात जे कानावर पडलं तेच त्यांनी मला सांगितलं. 'टायफॉईड: होय' असं लिहिणारा मी चुकलो. म्हणूनच जरा शहाण्या पाहण्या लहान मुलांच्या बाबतीत रोगाचं नाव विचारत नाहीत. 'गेल्या दोन आठवड्यांत जुलाब झाले का' असं विचारतात. दोन आठवड्यांपलीकडचे जुलाब आईच्याही लक्षात राहत नाहीत.

आणि जिथे दवाखाना जवळ, तिथे आजार जास्त सांगितले जातात. केरळात स्वतःला आजारी म्हणवणारे बिहारपेक्षा कितीतरी जास्त, हे अमर्त्य सेन यांनी २००२ मध्येच दाखवलं होतं. आयुष्य मात्र केरळवाल्यांचं लांब. तेव्हा दवाखान्यापासून लांब असलेल्या धडगावच्या पाड्यावर 'ताप नाही' आणि जळगाव शहरात 'ताप आहे' असं आलं, तर लगेच पाड्याला निरोगी ठरवू नका.

रक्त काढायला माझी ना नाही. कोरोनाच्या राष्ट्रीय सेरो पाहणीत (रक्तातल्या प्रतिपिंडांवरून संसर्ग होऊन गेला का ते बघतात ती) आपला जळगाव जिल्हाही होता. मे-जून २०२० च्या पहिल्या फेरीत देशपातळीवर अंदाज निघाला, की नोंदलेल्या एका रुग्णामागे ८२ ते १३० जणांना संसर्ग होऊन गेलाय. दारात उभं राहून विचारून हे जन्मात कळलं नसतं. क्षयरोग पाहणीतही एक्स-रे नसता तर ४२.६ टक्के रुग्ण हातचे सुटले असते. हा मुद्दा तुमच्या पदरात.

पण त्याच पाहणीत, टीबीची लक्षणं असलेल्यांपैकी जवळपास ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठेच गेले नव्हते. हा आकडा कुठल्या नळीत सापडला, भाऊ? तो विचारूनच मिळाला.

उरला तो खाली गेलेला आवाज. कुटुंब पाहणीत एकच माणूस सगळ्या घराच्या टीबीचं उत्तर देतो, आणि त्या दिवशी दाराआड मावशींची सून उभी होती. तिला वेगळं विचारायला हवं होतं. मी 'नाही'वर टिक केली आणि पुढच्या घराकडे वळलो. अंधार पडायच्या आत अजून सहा घरं करायची होती.