माटोळीला टांगलेला मास्तर

यंदाच्या चवथीला घरच्यांनी मला माटोळीला टांगलं, गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं-पानं टांगतात त्या चौकटीला. म्हणजे मी होतो मस्कतला, शाळेच्या जिन्याखाली, बगलेत नववीच्या भूमितीच्या वह्या. टांगला तो पुतण्याचा मोबाईल. पण व्हिडिओ कॉलवर मीच होतो ना! २०२५ची चवथ आली बुधवारी आणि इथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रजा मागायला गेलो तर वरिष्ठ म्हणाले, "संध्याकाळी करा ना साजरी!" आता गणपतीला सांगतो, बाबा रे, आठवा तास संपला की ये.

घरी, गोव्यात डिचोलीत साडेदहा तेव्हा माझे नऊ. पुतण्याला म्हटलं, मूर्ती दिसेल असा फोन ठेव. त्या दिवट्याने तो सुंभाने माटोळीच्या चौकटीलाच बांधला, नारळाचा घड आणि चिबूड यांच्या मधोमध. मूर्ती राहिली खाली. मला दिसल्या फक्त मान वर करून बघणाऱ्यांच्या नाकपुड्या.

त्यातल्या सर्वांत रुंद शेजारच्या आबांच्या. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत त्यांनी एकदा भाग घेतला होता. तेव्हापासून ते अख्ख्या वाड्याचे परीक्षक. छत्रीच्या टोकाने मोजत आले.

"कांगलां, बरं. करमलं, बरं. आंबाडे... आणि हे कसलं रे?"

टोक माझ्या डाव्या डोळ्यात.

"आबा, मी!"

"अरे, हे बोलतंय!"

"काका तो, मस्कतचा," पुतण्या म्हणाला.

"मस्कतचा? मग धरायचा नाही. माटोळीला आपल्या रानातलं लागतं. बाहेरचं मी मोजत नाही."

"आबा, मी ह्याच घरात जन्मलो!"

"जन्मलास इथे. पण पिकलास तिकडे मरे!"

सगळे हसले. वहिनीसुद्धा. रानातलं म्हणे! निम्मी माटोळी बाजारातून आणलेली, आणि ते पैसे कोणी धाडले? पंधरा वर्षं धाडतोय. पैसे मोजताना कोणी विचारत नाही कुठे पिकले ते.

मग आरती. वाटलं, निदान घुमट, आमचं आरतीचं मातीचं वाद्य, तरी ऐकू. पण त्या ॲपला घुमट, शामेळ, कांसाळं हा सगळा गोंगाट वाटला. त्याने तो शिताफीने गाळून टाकला. पंधरा-वीस माणसं मुक्याने तोंडं उघडतायत, आणि स्वयंपाकघरातून तेवढं स्पष्ट ऐकू येतंय, "नेवऱ्या करपल्या गं!" जिन्यावरून उतरणाऱ्या केरळी बाई थबकल्या, कोणी गेलं का म्हणून हळूच विचारून गेल्या. त्यांच्या ओणमला स्टाफरूममध्ये केळीचं पान मांडतात, मी दोनदा पायसम मागून घेतो. माझ्या चवथीला मला जिना.

आरती संपली, फोन सोडवायची कोणाला आठवण नाही. पोरं माटोळीखाली जमली. आबा त्यांना शिकवत होते, "हे कवंडळ. वरून लाल, आत काळं, कडू जहर. खायचं नाही, नुसतं टांगायचं."

छत्रीचं टोक पुन्हा माझ्याच डोळ्यात होतं.