काकांचे लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र

मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी ‘मी तेव्हाच सांगत होतो’ एवढेच वाक्य लिहून त्याखाली कोव्हिशील्डविषयीची बातमी डकवली, आणि तेव्हापासून तापलेले माझे डोके अजून शांत झालेले नाही.

बातमी खोटी नव्हती, हे आधीच मान्य करते. अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनमधील न्यायालयात दिलेल्या कागदपत्रांत आपल्या लशीमुळे अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होऊ शकतात हे कबूल केले होते, आणि पुण्यात तयार झालेली कोव्हिशील्ड ही त्याच सूत्राची लस. पण यात उघडकीला काय आले? युरोपच्या औषध नियामकाने हा दुष्परिणाम एप्रिल २०२१ मध्येच नोंदवला होता. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १७ मे २०२१ रोजी भारतातील प्रमाण दर दहा लाख डोसांमागे ०.६१ असल्याचे जाहीर करून, लस घेतल्यावर वीस दिवसांत श्वास लागला, छातीत दुखले किंवा डोकेदुखी थांबेना तर लगेच दवाखाना गाठा, असेही सांगितले होते. ज्या गोष्टीवर तेव्हा वर्तमानपत्रांत रकाने भरले गेले, ती तीन वर्षांनी ‘गौप्यस्फोट’ म्हणून खपवायला विशेष प्रतिभा लागते.

तरीही मी गप्प बसले असते. गप्प बसवत नाही ते टिटवाळ्याहून आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींमुळे.

१ एप्रिल २०२१ पासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांना लस मिळू लागली, तेव्हा मावशी बावन्न वर्षांच्या होत्या. त्यांना भीती वाटत होती आणि त्या भीतीला कारण होते. दंड दुखला, दोन दिवस ताप आला, तर चार घरांचा खाडा होणार, आणि ‘ताप आला तरी पगार कापणार नाही’ असे त्या चार घरांपैकी एकानेही त्यांना सांगितले नव्हते. (माझ्याही घराने नाही, ते सुचायला मला जून उजाडला.) अशा डळमळत्या अवस्थेत त्या गेटपाशी काकांना भेटत आणि काका त्यांना अतिशय आपुलकीने, पांढरा रुमाल तोंडावर धरून सांगत, “घाई कशाला करता? आधी इतरांचे काय होते ते बघा.” मे महिन्यात ‘लस घेतलेले सगळे दोन वर्षांत मरणार’ हा संदेश फिरू लागला, तोही काकांनी त्यांना वाचून दाखवला. जूनमध्ये नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला लशीनंतर नाणी आणि चमचे चिकटतात म्हणून व्हिडिओ आला, तर काकांनी तो दिवसातून तीनदा पाठवला. अंगाला पावडर लावली की चमचे खाली पडतात हे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी दाखवले, ते मात्र त्यांनी एकदाही पाठवले नाही.

मग १५ ऑगस्ट आला. दोन्ही डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकल खुली होणार होती, म्हणून स्टेशनवरच्या पडताळणीच्या रांगेत मी उभी होते आणि माझ्या नेमके पुढे काका होते. त्यांच्या हातात लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र होते. लॅमिनेट केलेले! पहिला डोस मार्चचा दुसरा आठवडा, दुसरा एप्रिलचा शेवटचा आठवडा. म्हणजे मे महिन्यात जेव्हा ते गेटपाशी उभे राहून मावशींना मरणाची भीती घालत होते, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या दंडात दोन्ही डोस जिरून गेले होते. मी विचारले, तर म्हणाले, “मुलीकडे मुलुंडला जावे लागते ना, नाइलाज झाला.” जणू मावशी टिटवाळ्याहून हौसेनेच येतात.

मावशींनी पहिला डोस घेतला तो ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधले अंतर तोवर चौऱ्याऐंशी दिवसांवर गेलेले, त्यापुढे चौदा दिवस, म्हणजे लोकलचा पास त्यांच्या हाती पडायला डिसेंबर उजाडला. तोपर्यंत टिटवाळा ते कल्याण आणि कल्याण ते डोंबिवली अशा दोन शेअर रिक्षा, जायच्या आणि यायच्या. एप्रिलमध्ये डोस घेतला असता तर जुलैत दुसरा होऊन त्या स्वातंत्र्यदिनीच गाडीत बसल्या असत्या. त्यातच एका घराने ‘प्रमाणपत्र आणा, मग या’ म्हणून त्यांचे काम काढून घेतले, आणि ते घर काकांच्याच मजल्यावरचे होते.

जानेवारी २०२२ मध्ये इतर आजार असलेल्या साठीपुढच्यांसाठी सावधगिरीचा डोस सुरू झाला, तोही काकांनी महिना संपायच्या आतच घेतला. या वेळी त्यांनी स्वतःच लिफ्टमध्ये सांगितले, कारण त्यांना दंड दुखत असल्याची सहानुभूती हवी होती. तीन डोस घेतलेला हा माणूस आज ‘मी तेव्हाच सांगत होतो’ लिहितो आणि खाली सतरा जण हात जोडतात.

मावशींकडे आता स्मार्टफोन आहे, त्यामुळे ही बातमी काकांनी त्यांना थेट पाठवली. काल ओट्यापाशी उभ्या राहून त्यांनी मला विचारले, “ताई, आता माझे काय होणार?” मी त्यांना त्या वीस दिवसांविषयी समजावले, आणि ते वीस दिवस २०२१ मध्येच सरले असल्याचेही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “काकांनी घेतली होती का?” मी तिन्ही डोस सांगितले. मार्च, एप्रिल, जानेवारी. मावशी बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, “तर मग रिक्षाचे पैसे त्यांच्याकडूनच मागायला हवेत.”