बेटा, गुत्तेदार आणि फुगलेला कपॅसिटर

परभणी, स्टेशन रोड, टपरीमागचा कट्टा. संध्याकाळचे सात वाजलेले आणि लाईट गेलेली, त्यामुळं कुणालाच घरी जायची घाई नव्हती. विषय बेटानं काढला. मोबाइल एकेकाच्या नाकापुढं फिरवत म्हणाला, "बघा, सोनीनं ब्लू-रे बंद केली! युग संपलं!" ब्लू-रे म्हणजे डीव्हीडीच्या पुढची, जास्त माहिती मावणारी डिस्क.

त्याला बेटा का म्हणतात हे कट्ट्याला सांगावं लागत नाही. नव्या माणसासाठी एवढंच की बेटामॅक्स या सोनीच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटपासून आजवर सोनीशिवाय दुसऱ्या कंपनीची वायरसुद्धा त्यानं उंबरा ओलांडू दिलेली नाही.

चाचांनी बशीतून मान वर न काढता सांगितलं, "पुढचं वाच. कोऱ्या डिस्का बंद केल्यात, रेकॉर्डिंगच्या. पिक्चरच्या छापील डिस्का निघायलेत. आन् बातमी जानेवारी २०२५ ची हाय. सुतकसुद्धा येळेवर धरावं लागतं, बेटा."

व्हीसीआरच्या हेडापासून ब्लू-रेच्या लेन्सपर्यंत सगळं चाचांच्या हातावरून गेलंय. त्यामुळं ते बोलले की वाद अर्धा मिटतो. उरलेला अर्धा गुत्तेदार पेटवतात.

"मी तवाच म्हणलो होतो," गुत्तेदार म्हणाले, "एचडी-डीव्हीडी घ्या!"

कट्टा हसला. एचडी-डीव्हीडी म्हणजे तोशिबाची, ब्लू-रेशी लढून हरलेली डिस्क, आणि गुत्तेदारांचा तिचा तोशिबा प्लेअर जगजाहीर आहे. नोव्हेंबर २००७ च्या अमेरिकेतल्या सेलमध्ये शंभर डॉलरला एक-दीड कमी पडत होता, तेव्हा साडूनं आणला. १९ फेब्रुवारी २००८ ला तोशिबानं एचडी-डीव्हीडीचा गाशा गुंडाळला. मध्ये तीन महिने गेले. गुत्तेदारांनी बांधलेला रस्तासुद्धा याहून जास्त टिकतो असं चाचा म्हणाले, आणि त्यावरून एक वेगळंच भांडण सुरू झालं. ते इथं देत नाही.

सरांनी ते मिटवायला टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवलं. फिजिक्सचा माणूस, ओलं टेबल दिसलं की आकृती आलीच. "लेसर दोन्हीकडं एकच बरं का, ४०५ नॅनोमीटर, निळा-जांभळा. डीव्हीडीचा ६५० चा लाल, सीडीचा ७८० चा. भांडण लेसरचं नव्हतंच. माहिती किती खोल ठेवायची, याचं होतं. एचडी-डीव्हीडीनं ती डीव्हीडीसारखीच ०.६ मिलिमीटर आत ठेवली. ब्लू-रेनं पृष्ठभागाखाली ०.१ मिलिमीटरवर आणली."

"त्यानं काय होतं?"

"भिंग जास्त ताकदीचं लावता येतं. त्या ताकदीचा आकडा म्हणजे न्युमरिकल अपर्चर, एचडी-डीव्हीडीत ०.६५, ब्लू-रेत ०.८५. जितकं हे जास्त, तितका प्रकाशाचा ठिपका बारीक. मग ट्रॅक जवळजवळ आखता येतात. एचडी-डीव्हीडीत दोन ट्रॅकमध्ये ०.४० मायक्रॉन, ब्लू-रेत ०.३२. म्हणून एका थरात १५ जीबी विरुद्ध २५. पण एवढं तगडं भिंग जाड प्लॅस्टिकमधून बघायला लावलं आणि डिस्क जराशी तिरकी झाली, की ठिपका फिसकटतो. त्यासाठी वरचं आवरण पातळ पाहिजे. आणि पातळ म्हटलं की ओरखडा थेट जिवावर."

"म्हणून पयल्या ब्लू-रे डिस्का जपानात डबीत यायच्या, २००३ ला," चाचांनी जोडलं. "पुढं वरचा लेप कडक झाला तवा डबी सुटली. एचडी-डीव्हीडीवाल्यांना ती भानगडच नव्हती. डीव्हीडी छापायच्या मशिनींत थोडा फेरफार केला की काम चालू."

बेटाला एवढ्या सगळ्यातून दोनच आकडे ऐकू आले. "२५ विरुद्ध १५! माल चांगला तोच जिंकतो!"

"मग बेटामॅक्स का हरली?" चाचा.

बेटा गप्प. पुढचं सगळ्यांना पाठ असलं तरी ऐकायला मजा येते. १९७५ च्या पहिल्या बेटामॅक्सची कॅसेट एक तासाची. १९७६ ला तिच्याशी टक्कर घेणारी व्हीएचएस कॅसेट आली ती दोन तासांची. कॅसेट न बदलता पिक्चर पुरा. बेटामॅक्सचं चित्र उजवं होतं म्हणतात, पण तास वाढवायला सोनीनं टेपचा वेग कमी केला, आणि चित्राचा तो फरकही बराचसा त्यात गेला.

"आन् १९८८ ला सोनीनं सोताच व्हीएचएस मशीन काढली," चाचा म्हणाले. "बाप पक्ष बदलून गेला, पोरगं अजून झेंडा धरून उभं!"

आता गुत्तेदार खूश. त्यांना वाटलं, आपली सुटका झाली.

"तुमचं बी तेच, गुत्तेदार. तोशिबानं २००९ ला ब्लू-रे प्लेअर आणला. पॅरामाउंट ही पिक्चर कंपनी ऑगस्ट २००७ ला तुमच्याकडं आली, वर्षाच्या आत परत गेली. वॉर्नर ही दुसरी पिक्चर कंपनी, तिचे पाय दोन्ही डगरींवर होते. ४ जानेवारी २००८ ला त्यांनी फक्त ब्लू-रे म्हणून सांगितलं, आन् तुमच्यावाल्यांना लास वेगासची पत्रकार परिषद रद्द करावी लागली. वॉर्नरला तर गुवाहाटीलासुद्धा जावं लागलं नाई."

आमच्या मते मुद्दा इथंच संपला होता. कंपनी कधीच कुणाशी एकनिष्ठ नसते, निष्ठा फक्त कपाटात धूळ खाणाऱ्या डिस्कांच्या मालकाची. पण असा मुद्दा संपवून उठायला हा कट्टा म्हणजे काही विधानसभा नाही.

"परभणीत कोण जिंकलं ते मी सांगतो," चाचा सावरून बसले. "व्हीसीडी, म्हणजे सीडीवरचा पिक्चर. ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र, एका डिस्कला ७४ मिनिटं, हिंदी पिक्चरला दोन नाईतर तीन डिस्का. मोसर बेअर कंपनीनं २००७ ला २८ रुपयाला विकली. आन् ओरखडा पडला तरी थांबायची नाई. कामून? सांगा सर."

"साध्या डेटा सीडीत चूक सुधारायचा एक जादा थर असतो. व्हीसीडीच्या चित्रात तो काढून तेवढी जागा चित्राला दिली. त्यामुळं वाचताना चुकलं की प्लेअर अडून बसत नाही, चौकोन दाखवून पुढं जातो."

"हिरोचं तोंड चौकोनी झालं तरी गाणं चालूच!" चाचा. "आन् बेटा, त्या बिननावाच्या चायना प्लेअरात लेसर कोणता असायचा? केएसएस-२१३. सोनीचा, नाईतर सोनीची नक्कल. तू ज्या डब्ब्याला नाक मुरडायचास, त्याच्या छातीत तुझंच दैवत."

बेटाचा चेहरा बघण्यासारखा झाला. अभिमान धरावा की अपमान, ठरेना.

"पण कळ सांगतो," चाचा आता रंगात आले. "लेसर थकला की काही पोरं त्याच्यावरचा बारका प्रीसेट, म्हणजे करंट कमी-जास्त करायचा स्क्रू, फिरवून करंट वाढवायची. गिऱ्हाईक खूश. महिन्या-दोन महिन्यात लेसर कायमचा गेला. आधी भिंग पुसावं. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, दाब न देता. थिनर लावायचा नाई, भिंग प्लॅस्टिकचं असतं, पांढरं पडतं. आन् डिस्क मधून कडेकडं सरळ पुसायची. गोल पुसली आन् ओरखडा पडला, तर तो ट्रॅकच्या बाजूबाजूनंच जातो. लागोपाठ इतका डेटा गेल्यावर सुधारणारा तरी काय सुधारणार?"

गुत्तेदारांनी घसा खाकरला. "माझ्या मशीनचं काय, चाचा? लावली की फट् झालं."

"थेट बोर्डात लावली?"

"मग कुठं लावायची?"

चाचांनी कपाळाला हात लावला. "ती १२० व्होल्टची हाय, गुत्तेदार. २३० दिले की रेक्टिफायरच्या, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या, पुढं ३२५ होतात. आतला मोठा कपॅसिटर २०० व्होल्टचा. तो फुगला, नाईतर फुटला. नुसता फ्यूज बदलू नका, परत उडतो. कपॅसिटर, व्हॅरिस्टर, ब्रिज, स्विचिंगचा ट्रान्झिस्टर, सगळं मीटरनं बघावं लागतं. मग १०० वॅटचा बल्ब सिरीजला घालून सप्लाय द्यायचा. बल्ब भक्कन लागून तसाच राहिला तर अजून शॉर्ट हाय. एकदा लागून मंद झाला तर जमलं. त्यानंतर १०० व्हीएचा स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्ट उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर, कायमचा."

"मग आपल्या डीव्हीडी चालतील?"

"रीजन पाचचा शिक्का असल तर नाई," सर म्हणाले. "रीजन म्हणजे डिस्क कुठल्या भागातल्या मशीनवर चालायची त्याचा आकडा, आपला पाच. गंमत बघा, एचडी-डीव्हीडीला रीजनच नव्हतं, पण त्याच मशीनची डीव्हीडीची बाजू रीजन एकची. ब्लू-रेत पुन्हा ए, बी, सी. अमेरिका ए, आपण सी. अमेरिकेहून डिस्क मागवायची तर आधी खोक्याच्या पाठीमागं अक्षर बघायचं."

"सोनीत असला घोळ नाही," बेटा सवयीनं बोलून गेला. ब्लू-रे कुणाची, हे त्याला उशिरा आठवलं.

"बरं, टीव्ही कोणता तुझा?" चाचांनी प्रेमानं विचारलं.

"ब्राव्हिया! ओएलईडी!"

"पॅनल?"

सरांनी चष्मा पुसायला काढला. "एलजी डिस्प्लेचं, नाहीतर सॅमसंग डिस्प्लेचं. सोनी ओएलईडी पॅनल विकत घेते."

"पण चित्र सोनीचं!" बेटा ओरडला.

"हौ, चित्र तुझं, काच शेजाऱ्याची," चाचा म्हणाले, आणि टपरीवाल्याच्या हातातला पेला निसटता निसटता राहिला.

लाईट आली. गुत्तेदार उठले. उद्या मशीन दुकानी आणतो म्हणाले.

"डिस्का किती हायेत ते सांगा आधी," चाचा. "नाईतर दुरुस्त करून त्याच्यावर झाकणं वाळवताल."

"पाच. फुकटच्या. पोस्टानं आल्या होत्या, ऑफर होती."

"मंग त्या बी आणा."

गुत्तेदार जरा घुटमळले. "त्या साडूकडं हायेत. देत नाई. मानपानावरून बोलणं बंद हाय आमचं, २००८ पासून."

"म्हणजे प्लेअर परभणीत, डिस्का अमेरिकेत," सर म्हणाले, "आणि इथं आम्ही तासभर युद्ध संपलं म्हणून बोलतोय!"

चाचांना ठसका लागला. बेटा पाणी आणायला धावला. तेवढ्यात गुत्तेदार गाडीला किक मारून निघून गेले. चहाचे पैसे नेहमीप्रमाणं बेटानं दिले.