ए-वनच्या वर्गात मी बसलेय

मागच्या लेखावर आलेली एक प्रतिक्रिया तीन दिवस डोक्यात घोळतेय, म्हणून सविस्तरच लिहिते. लेखात माझं म्हणणं एवढंच होतं की शाळा-ज्युनियर कॉलेजमधलं जर्मन आणि इन्स्टिट्यूटमधलं जर्मन यांच्यात उगाच भिंत उभी आहे, शाळेत पाठ केलेली रूपं टाकून न देता ती बोलताना वापरायला शिकवलं पाहिजे. त्यावर हे वाचक लिहितात, "तुमच्यासारख्या घोकंपट्टीवाल्यांमुळेच मुलं नव्वद मार्क घेऊन गप्प बसतात. ए-वनच्या वर्गात कधी बसलात तरी आहात का?" ए-वन म्हणजे जर्मन शिकण्याची पहिली पायरी. पुढे आणखी तीन-चार मुद्दे आहेत.

आधी माझी चूक. भाषा किती येते ते मोजणारी ए-वन ते सी-टू ही सहा पायऱ्यांची युरोपियन चौकट मी २००० सालची म्हटली होती, ती २००१ ला प्रसिद्ध झाली. बरोबर आहे तुमचं, लेखात दुरुस्त केलंय.

आता "कधी बसलात तरी आहात का" याबद्दल. ही काय विचारायची पद्धत झाली? ओळख नाही पाळख नाही, नाव लावायची तयारी नाही, आणि सरळ माणसाची लायकी काढायची. समोर बसून असं बोलला असतात का?

बसलेय मी. १९९३ ला आठवीत संस्कृत की जर्मन असा प्रश्न आला आणि जर्मन स्कोअरिंग म्हणून घेतलं, पुण्यात कितीतरी घरांत असंच ठरतं. आमच्या बाई रोज तास सुरू व्हायच्या आधी फळ्यावर तक्ता आखायच्या, डेअर-डी-डास, म्हणजे जर्मन नामाआधी लागणारे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी शब्द आणि त्यांची रूपं, आणि आम्ही तो रामरक्षेसारखा म्हणायचो. दहावीला ९१ पडले. बारावी झाल्यावर १९९८ ला एका इन्स्टिट्यूटमध्ये गेले, तेव्हा ए-वन हे नावही नव्हतं, ग्रुंडष्टुफं म्हणायचे. पहिल्याच दिवशी शिक्षकांनी विचारलं, "वोहेर कोमेन झी?", म्हणजे तुम्ही कुठून आलात, इतकं साधं, आणि सगळा तक्ता येत असून माझं तोंड उघडेना. ते म्हणाले, शाळेतलं सगळं विसरा. पाच वर्षांचं शिकलेलं एका वाक्यात पुसलं, आणि मी वेड्यासारखं खरंच विसरायचा प्रयत्न केला आणि मग वर्षभर 'मिट'च्या ('ने', 'सोबत') पुढे डेअर की डेम हे अंदाजाने ठोकत राहिले. त्यामुळे मुलं गप्प का बसतात हे मला तुम्ही सांगायची गरज नाही.

२००४ पासून शिकवतेय. गेल्या महिन्यात बी-वनची तयारी करणारा एक मुलगा बोलता बोलता म्हणाला, "इख फारं मिट डेअर बुस", म्हणजे मी बसने जातो. थांबला. बाकावर बोटं वाजली, ओठातल्या ओठात "आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फोन, त्सू" झालं, आणि मग "मिट डेम बुस", कारण या सात शब्दांपुढे डेअरचं डेम होतं. ही यादी त्याला ज्युनियर कॉलेजमधल्या सरांनी पाठ करून घेतलीय. आता तो थांबत नाही, डेम आपोआप येतं. याला तुम्ही घोकंपट्टी म्हणणार?

आणि आपल्या मुलांकडे तर कितीतरी आयतं असतं. तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल. निर्जीव वस्तूला लिंग कसं काय, असं मराठी मूल कधी विचारत नाही, तिसरं लिंगही त्याला नवीन नाही. शब्दागणिक लिंग जुळणार नाहीच, जर्मन टेबल पुल्लिंगी आहे, पण कल्पना तर घरचीच आहे ना? 'मान'ला (पुरुष) डेन लागलं की द्वितीया, डेम लागलं की चतुर्थी, हे शाळेतल्या बाई एका मिनिटात सांगतात. तेच मूल पुढे इन्स्टिट्यूटमध्ये जातं तिथे इंग्रजीतून अॅक्युझेटिव्ह, डेटिव्ह, जणू काही पहिल्यांदाच ऐकतंय. दोन्हीकडचे शिक्षक एकदा एकमेकांच्या वर्गात बसले तरी पुष्कळ होईल, माझं मागणं एवढंच होतं आणि ते तुम्ही वाचलंच नाहीत.

बाकीच्या मुद्द्यांत फार शिरत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिकला परकीय भाषांची यादी आहे, त्यात जर्मन आहे, ठीक, म्हणून वर्गातली भिंत आपोआप पडत नाही. बी-वनच्या परीक्षेत बोलणं महत्त्वाचं असं तुम्ही म्हणता, तर चार भागांपैकी तो एक आहे, लेखन हाही एक आहे आणि प्रत्येकात वेगळे ६० टक्के लागतात. ट्यूशनच्या फीबद्दल जे लिहिलंय त्याला मी उत्तर देणार नाही.

पुन्हा लिहायचं असेल तर नाव लावून लिहा, मुद्द्यावर हवं तेवढं बोलू. बाईंचा तो तक्ता माझ्या आठवीच्या वहीत अजून आहे, निळ्या शाईत डेअर, लाल शाईत डी, हिरव्यात डास. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण त्यांना घोकंपट्टीवाल्या म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.