बारनिशी नावाचा व्हेंडर

साहेबांनी केबिनचे दार लावून घ्यायला सांगितले, तेव्हा माझ्या पगाराचा विषय एकदाचा निघाला असावा, असे मला वाटले. गोष्ट २००५ सालची आहे. भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या लहानशा कारखान्यात ज्याला ज्याला वायर असे, ते सगळे माझ्याकडे असे. त्यात मेल सर्व्हर होता, टॅली होते आणि सोमवारी हमखास कागद अडकवणारा प्रिंटरही होता. साहेब आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘परचेसच्या काकांच्या बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत ठेवायची. फक्त त्यांच्या, आणि फक्त जाणाऱ्या. काकांना कळता कामा नये.’’ काकांनी म्हणे कुठल्याशा सप्लायरला मेलवर एक दर कबूल केला होता, आणि आता ‘मी असे लिहिलेच नाही’ म्हणून ते हात झटकत होते.

जुन्या कचेऱ्यांत या कामासाठी जावक बारनिशी असे. तारीख, जावक क्रमांक, पत्र कोणाला आणि कशाबद्दल, हे सगळे त्यात शाईने नोंदले जाई. वही सर्वांदेखत टेबलावर पडलेली असे, आणि आपले पत्र तिच्यात चढले म्हणून लिहिणाऱ्याला उलट धीरच येई. मला हवी होती ती चोरून चालवायची बारनिशी.

आमचा सर्व्हर पोस्टफिक्सवर चाले. वीत्से वेनेमा या डच गृहस्थांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेला हा प्रोग्रॅम १९९८ साली बाहेर पडला. एकाच माणसाच्या जाणाऱ्या मेलची गुपचूप प्रत काढण्याची ‘सेंडर बीसीसी मॅप्स’ ही सोय मात्र त्यात २००४ साली, २.१ या आवृत्तीत आली. त्याआधीपासून ‘ऑलवेज बीसीसी’ होतेच. पण त्याने साऱ्या कंपनीची ये-जा एकाच पेटीत येऊन पडते, म्हणजे साहेबांच्या स्वतःच्या मेलही माझ्या हाती लागल्या असत्या, आणि तेवढी माझी छाती नव्हती.

काम एका ओळीचे होते. साध्या फाइलीत डावीकडे काकांचा पत्ता लिहायचा, उजवीकडे प्रत जमा होणाऱ्या पेटीचा. पेटीचे नाव मी मोठ्या हौसेने इंग्रजी अक्षरांत ‘बारनिशी’ ठेवले, मुख्य फाइलीत तिचा उल्लेख केला, सर्व्हरला नव्याने वाचायला लावले आणि चहाला गेलो. पोस्टफिक्स ती साधी फाइल वाचतच नाही. ‘पोस्टमॅप’ हा हुकूम देऊन तिची जी तयार प्रत करावी लागते, ती वाचतो, हे मला टपरीवर कटिंग अर्धी झाल्यावर आठवले. तयार प्रत जागेवर नसेल तर तो समजुतीने पुढे जात नाही. येईल ती मेल नाकारत बसतो. परत येईपर्यंत डिस्पॅचपासून अकाउंट्सपर्यंत कोणाचीही मेल जात नव्हती, आणि त्या गुप्त कामाची वर्दी अशा रीतीने चाळीस माणसांना पोहोचली होती.

दुसऱ्या दिवसापासून प्रती येऊ लागल्या. त्या नीट उघडतात की नाही हे पाहण्यापुरत्याच मी त्या उघडत असे, असे निदान मी स्वतःला सांगत असे. जाणाऱ्याच मेल वाचणे म्हणजे शेजारच्या घरातला फोन भिंतीआडून ऐकण्यासारखे आहे. ‘होय.’ ‘चालेल.’ ‘मागच्याप्रमाणेच.’ ‘कालच्या फोनवर ठरल्यानुसार करावे.’ म्हणजे दराचे जे काही ठरत होते ते फोनवरच ठरत होते, आणि आमच्या बारनिशीत नुसता होकार जमा होत होता. प्रत्येक होकाराखाली मात्र ड्रॉइंग जोडलेले असे, कारण जोडल्याशिवाय पाठवलेले पत्र काकांना उघड्या अंगाने बाहेर पडल्यासारखे वाटे. मेलमधून जाताना जोडलेल्या फाइलीच्या दर ३ बाइटची ४ अक्षरे होतात. त्यामुळे ३ एमबीचे ड्रॉइंग पेटीत ४ एमबी होऊन बसे.

आणि पेटीला मर्यादा होती. पोस्टफिक्सची न बदललेली मर्यादा ५ कोटी १२ लाख बाइट असते, आणि मी ती बदलली नव्हती. नवव्या दिवशी पेटी भरली. पुढल्या आवृत्त्यांत ही खोड काढून टाकली आहे, पण आमच्या आवृत्तीत अशी गुपचूप प्रत पोहोचली नाही, तर त्याची खबर मूळ पाठवणाऱ्यालाच जाई. आपले पत्र पोहोचवता आले नाही हे कळवताना आपल्याला खेद होत असल्याचे सर्व्हरने काकांना अत्यंत अदबीने कळवले, आणि खाली पत्ता दिला.

काकांनी तीच मेल पुन्हा पाठवली. पुन्हा खेद आला. त्यांनी तिसऱ्यांदा पाठवली. मूळ सप्लायरला ती तिन्ही वेळा व्यवस्थित मिळत होती, आणि तासाभरात त्याचा फोन आला की बुश ३०० हवेत की ९००.

काका प्रिंट काढूनच माझ्याकडे आले. ‘‘अरे, हा बर्नीशी कोण? इटालियन व्हेंडर आहे का? मी याला जन्मात मेल केलेली नाही.’’

मी म्हणालो, ‘‘काका, ती कंपनीची बॅकअपची पेटी आहे. तुमच्या मेल महत्त्वाच्या, म्हणून सुरुवात तुमच्यापासून केली.’’ यातला एकही शब्द खोटा नव्हता, याचे मला अजूनही समाधान आहे. काका चश्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले, प्रिंटची चौपदरी घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली आणि ते गेले. मी मर्यादा काढून टाकली.

साहेबांनी बारनिशी एकदाही मागितली नाही. दराचे भांडण सप्लायरने दोन टक्के सोडल्यावर मिटले, आणि पेटी मात्र भरतच राहिली.

दिवाळीच्या आधी काका पुन्हा आले. आत आल्यावर त्यांनी सर्व्हर रूमचे दार लावून घेतले. ‘‘ते तुझे बर्नीशी,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘त्यात माझ्याकडे येणाऱ्याही ठेवता येतील का? साहेब फोनवर एक सांगतात, मेलवर दुसरेच लिहितात, आणि नंतर म्हणतात की मी असे लिहिलेच नाही. फक्त साहेबांना कळता कामा नये.’’

येणाऱ्या मेलसाठीची ‘रेसिपियंट बीसीसी मॅप्स’ ही सोयही त्याच २.१ मध्ये आली होती. मी दुसरी फाइल उघडली, आणि या खेपेस चहाला जाण्याआधी पोस्टमॅप चालवले.